एका जागी बसून राहावं की फिरत राहावं?

रानजाई

नमस्कार. दीड वर्षापासून पक्ष्यांचे फोटो काढतेय, प्राणी दिसला तर प्राण्यांचेही. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स आहे. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत बाहेर पडते आणि दहा वाजेपर्यंत सात-आठ किलोमीटर चालणं होतं. दिसतं भरपूर. पण घरी येऊन फोटो मोठे करून बघितले की मन खट्टू होतं. निम्म्या फोटोंत पक्षी पाठमोरा, उडायच्या बेतात. उरलेल्यांत मान ताठ करून माझ्याकडेच बघणारा. स्वतःच्या कामात गढलेला एकही नाही.

म्हणून गेले दोन आठवडे ठरवून तळ्याकाठी बसले. एकदा चाळीस मिनिटं, एकदा सव्वा तास. समोर पाणी, त्यावर वाकलेली एक फांदी, बाकी काही नाही. मागच्या झाडीतून हळद्याची शीळ येत होती आणि सगळा जीव तिकडे. दुसऱ्या वेळी शेवटी उठलेच. झाडीपाशी पोचेतो हळद्या निघून गेलेला, आणि मागे वळून बघते तर त्याच वाकलेल्या फांदीवर छोटा खंड्या येऊन बसलेला!

किती वेळ थांबायचं असतं? आणि आपण चुकीच्या जागी बसलोय की योग्य जागी बसून घाई करतोय, हे ओळखायचं कसं?

पायवाट

मी फिरणाऱ्यांतला, त्यामुळे माझं मत त्या बाजूचंच. फुलपाखरं आणि सरडे हे माझे विषय. पहाटे गवताच्या पात्यांवर फुलपाखरं गारठून बसलेली असतात, ऊन लागून अंग तापेपर्यंत त्यांना नीट उडता येत नाही. त्या तासाभरात बसून राहिलो तर हातचं घालवलं म्हणायचं. जितकं चालाल तितकं मिळतं.

पक्ष्यांसाठी चालणं सोडण्याआधी चालायची रीत बदलून बघा. सरळ अंगावर जाऊ नका, तिरक्या रेषेत जा. त्याने मान वर केली की जिथल्या तिथे थांबा, तो पुन्हा चरायला लागला की मगच पुढचं पाऊल. माळावर वाट असेल तर गाडीतूनच फोटो काढा. पायी माणसाला घाबरणारे बरेच पक्षी थांबलेल्या गाडीला घाबरत नाहीत. इंजिन बंद करायचं, खिडकीवर धान्य भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवायची.

ओढ्याकाठी

रानजाई, तो खंड्या बहुधा तुम्ही उठलात म्हणूनच आला. मासे मारायची त्याची बैठक ती, आणि तुम्ही तिच्यासमोर उघड्यावर बसलेल्या. कुठेतरी जवळच थांबून तो तुम्हाला बघत असणार. जागा बरोबर होती असंच मी म्हणेन. खात्री करायची असेल तर एकदा त्या फांदीखाली बघून या. दगडावर, पानांवर पांढऱ्या शिटेचे ओघळ आहेत का? खंड्याला माशाचे काटे आणि खवले पचत नाहीत, त्यांची लहानशी करडी गुठळी तो ओकून टाकतो. ओघळ ताजे असतील आणि एखादी गुठळी सापडली तर ती रोजची बैठक. काहीच नसेल तर तुम्हाला दिसला तो वाटेवरचा पाहुणा, तिथे दिवस घालवू नका.

माझ्या मते फिरणं आणि बसणं हे दोन पक्ष नाहीतच. फिरायचं ते जागा शोधायला, तेही शक्यतो कॅमेरा घरी ठेवून. गळ्यात कॅमेरा असला की आपण पक्षी शोधतो. नसला की खुणा शोधतो: ठसे, विष्ठा, लोळल्याची जागा, पाण्याकडे उतरणारी बारीक वाट. बसायचं ते जागा हाती लागल्यावर.

रशियाच्या अतिपूर्वेतला सर्गेई गोर्शकोव यांचा अमूर वाघिणीचा फोटो तुम्ही पाहिला असेल, झाडाच्या खोडाला मिठी मारून अंग घासणारी. २०२० मध्ये वन्यजीव छायाचित्रणाची मोठी जागतिक स्पर्धा त्या फोटोने जिंकली. त्यांनी कॅमेरा सापळा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला २०१९ च्या जानेवारीत आणि हा फोटो मिळाला नोव्हेंबरात. लोक ते दहा-अकरा महिने सांगतात. त्याच्या आधीचं सांगत नाहीत. सापळा लावण्यापूर्वी त्यांनी जंगल पिंजून काढलं होतं. वाघांच्या नेहमीच्या वाटेवरच्या झाडांवर वास, केस, मूत्र, नखांचे ओरखडे शोधत. म्हणून तर तेच एक झाड निवडता आलं. मला त्या फोटोत वाघिणीइतकंच ते निवडलेलं झाड महत्त्वाचं वाटतं.

आता किती वेळ. पहिला अर्धा तास मी धरतच नाही. तो आपल्या आगमनाचा गोंधळ निवळण्याचा वेळ. आधी खारी आणि साळुंक्या कामाला लागतात, मग बाकीचे. त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला की माझं बसणं सुरू होतं. तिथून दोन तास, आणि खुणा ताज्या असतील तर अशा तीन सकाळी. एकाच दिवशी सहा तास बसण्यापेक्षा तीन दिवस त्याच वेळी, त्याच कपड्यांत, त्याच जागी बसलेलं जास्त उपयोगी पडतं.

पण संयमालाही डोळे हवेत. हे मला एका छोट्या खंड्यानेच शिकवलं, आणि ते अजून मनाला लागून आहे.

ओढ्याच्या वळणावर अशीच एक बैठक सापडली होती. लपणाचं कापड लावलं, आत बसलो. पहिल्या दिवशी पक्षी आला, कापड बघितलं आणि कर्कश ओरडत पाण्याला घासून निघून गेला. चौथ्या दिवशी माझ्यापासून वीस फुटांवर टेकला. सहाव्या दिवशी मासा घेऊन आला. चोचीत आडवा धरलेला, बोटभर, पोटाकडे चंदेरी. दोन्ही बाजूंना मान झटकून त्याने तो फांदीवर आपटला. एकेक ठोका मला ऐकू येत होता. मासा निपचित पडला, त्याने चोचीत फिरवला, मी बटणावर बोट ठेवलं. गिळायचा क्षण मला हवा होता.

त्याने गिळला नाही. माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून नुसता धरून बसला. डोकं खालीवर करत, एकदा उजवीकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी फोटो काढत राहिलो, एकापाठोपाठ एक. वाटलं, काय सुंदर मॉडेल मिळालंय. दहा-बारा मिनिटं तो तसाच. मग एकदम डोक्यात उजेड पडला. खंड्या स्वतः गिळताना माशाचं डोकं आत, घशाकडे घेतो, म्हणजे पर आणि खवले अडकत नाहीत. डोकं बाहेर ठेवतो तो दुसऱ्याला भरवायला, जोडीदाराला किंवा पिल्लांना. उजवीकडच्या मातीच्या कड्याकडे पाहिलं. पाण्यापासून हातभर वर एक गोल बीळ, त्याच्या तोंडाखाली ओली पांढरी रेघ. माझ्या कापडाला सहा पावलांवर! सहा दिवस मी त्याच्या दारात बसलो होतो.

तो पुन्हा उडाला तेव्हा सगळं गुंडाळून मागच्या बाजूने सरपटत बाहेर पडलो. लांबून दुर्बिणीने बघितलं, तीन मिनिटांच्या आत तो मासा घेऊन बिळात शिरला. त्या दिवसाचे फोटो तांत्रिकदृष्ट्या माझे सगळ्यात चांगले खंड्याचे फोटो आहेत. एकही कुठे लावलेला नाही. त्यांतल्या प्रत्येकात एक भुकेलं पिल्लू आहे, मला ते दिसतं.

म्हणून घड्याळाआधी पक्ष्याकडे बघा. तो खातोय, पिसं साफ करतोय, एका पायावर उभा राहून डोळे मिटतोय, तर बसा. सारखं डोकं खालीवर, सारखी हाक, चोचीत खाद्य असून हालचाल नाही, तर उठा. कितीही तास घातलेले असोत.

रानजाई

ओढ्याकाठी, दोनदा वाचलं. डोकं बाहेर, डोकं आत हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या जुन्या फोटोंत मासा धरलेला खंड्या एकच आहे, तो आता उघडून बघितला. डोकं बाहेर. मी तेव्हा त्याच्यामागे काठाकाठाने चालत गेले होते.

एक विचारायचं राहिलं. वाऱ्याचं काय? कुणी म्हणतं वारा पाठीवर घ्या, कुणी म्हणतं तोंडावर.

ओढ्याकाठी

दोघंही खरं सांगतात, विषय वेगळे आहेत. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि उडतातही. वारा तुमच्या पाठीवर असला तर ते तुमच्या दिशेने तोंड करून येतात, चेहरा मिळतो. तुमचे पाठमोरे फोटो थोडे यामुळेही असतील. सस्तन प्राण्यांना आपला वास लागतो, त्यामुळे हरीण, कोल्हा, मुंगूस यांच्यासाठी वारा तोंडावरच हवा. पाठीवर असला तर ते कधी येऊन परत गेले हेसुद्धा कळत नाही.

आणि हाताला सवय हवी असेल तर वेडा राघू शोधा. एका फांदीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. मधमाशी असेल तर आधी आपटतो, मग फांदीवर घासून तिची नांगी काढतो. शटरचा वेग १/२५०० सेकंद, फोकस रिकाम्या फांदीवर धरून ठेवायचा. अर्ध्या तासात वीस वेळा संधी मिळते, आणि मग रिकाम्या फांदीकडे बघत बसणं जड जात नाही.

पायवाट

माशाचं डोकं मलाही नवीन. वाऱ्याचं मात्र सरड्यांना काही पडलेलं नसतं, त्यांना आपली सावली अंगावर पडलेली खपत नाही. रानजाई, चालाल तेव्हा सूर्य कुठे आहे तेवढं बघत जा.

रानजाई

आज कॅमेरा न घेता गेले. फांदीखालच्या दगडावर ओघळ आहेत, ताजे. गुठळी एक सापडली, बोटात धरली तर चुरली, आत केसासारखे काटे. मग लांब बांधावर बसून वेळा लिहिल्या: ६.५०, ७.३०, ७.४५, ८.२०. चारही वेळा मासा जागेवरच गिळला, डोकं आत. काठावर दोन्ही बाजूंना बिळासारखं काही दिसलं नाही. अडचण एकच, नऊपर्यंत सूर्य फांदीच्या मागे असतो, म्हणजे मला पलीकडच्या काठावर बसावं लागेल. तिथे चिखल आहे, आडोसा नाही.

ओढ्याकाठी

चिखल चांगला, जितकं पाण्याच्या पातळीला जाल तितका फोटो खुलेल. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, कापड पाठीवरून घ्या, लेन्स चिखलापासून वीतभर वर. ६.५० ला येतो म्हणजे तुम्ही सहाच्या आत, अंधारातच पोचलेल्या हव्यात. आणि परत निघताना तो फांदीवर असेल तर उठू नका, उडून जाऊ द्या, मग उठा.