मदत हवी आहे: आरटी न टाकलेल्या ट्यूबमध्येपण बँड यायलाय

नमस्कार मंडळी, मी नांदेडचा, एमएस्सी बायोटेकचं शेवटचं वर्ष. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींत एचईआरव्ही-के (माणसाच्या डीएनएत बसलेला जुना व्हायरस) चा एन्व्ह जीन (व्हायरसचं बाहेरचं आवरण बनवणारा) चालू आहे का ते आरटी-पीसीआरनं (आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइमनं आरएनएवरून डीएनए बनवायचा, मग त्याच्या भरपूर कॉपी काढायच्या) बघायलोय. आईला सांगितलं, लाखो वर्षांपूर्वीचे व्हायरस आपल्या डीएनएत बसलेत, जवळपास ८ टक्के, तर ती म्हणे मग औषध घे की.

आता अडचण. एमसीएफ-७ आणि टी-४७डी (ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींच्या दोन लाइन्स) दोन्हीत बँड (जेलवरची डीएनएची पट्टी) झकास आला, लई खूश झालो, पण ज्या ट्यूबमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज टाकलंच नव्हतं तिच्यातपण तसाच बँड, त्याच साइजचा, जरासा फिका. नुसत्या पाण्याची ट्यूब स्वच्छ, बँड नाही. म्हणजे आरएनएसोबत डीएनए आलाय हे कळतंय, अन् हा जीन प्रत्येक पेशीत कित्येक कॉपींनी असतोच, त्यामुळं चिमूटभर डीएनएपण पुरतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलं, ३७ डिग्रीला अर्धा तास, तरी फरक पडंना.

दुसऱ्यांदा देऊ का, का आरएनए काढायच्या कॉलमवरच द्यावं? का प्राइमरच (कॉपी कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) स्प्लाइस जंक्शनवर (आरएनएत मधला भाग कापून जोडलेली जागा) घेऊ, म्हणजे डीएनएवरून बँड येणारच नाही?

अजून एक, टी-४७डीला एस्ट्रॅडिऑल (एक इस्ट्रोजेन) अन् प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देऊन बघायचंय, पण आमच्याकडं पेशी वाढवायचं फिनॉल रेडवालंच (लाल रंगद्रव्याचं) मीडियम आहे, अन् ते फिनॉल रेड स्वतःच थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. चालंल का? सीनियर म्हणतोय ती आरटी न टाकलेली ट्यूब जेलच्या फोटोतून कापून टाक, ते काय मला जमणार नाही. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, कुणी हे केलं असंल तर सांगा बाबांनो.