जुन्या घराची दुरुस्ती आपल्याच हातांनी, आणि घरात तीन वर्षांचे मूल

पडवी (गुहागर)

आम्ही गुहागर तालुक्यातील सासरच्या चिरेबंदी, कौलारू घराची दुरुस्ती बहुतांशी स्वतःच करीत आहोत. छपराचे मोठे काम आणि विजेची जोडणी तेवढी जाणकारांकडे सोपवली आहे. गिलावा, दारे-खिडक्या, रंग आणि पडवीची जमीन हे सारे माझे यजमान, सासरे आणि मी मिळून करतो. गवंडी सांगितल्या वेळी येत नाही हे एक कारण आहेच, पण मजुरीचा हिशेब मांडल्यावर दुसरा मार्गही उरला नव्हता. राहायला वेगळी जागा नसल्यामुळे आमचा मुक्काम याच घरात आहे, आणि मुलगी नुकतीच तीन वर्षांची झाली आहे.

सध्या माजघरातील जुने पोपडे खरवडण्याचे काम चालू आहे. संध्याकाळी झाडून-पुसून घेतले तरी सकाळी ताटवाट्यांवर बारीक भुकटी दिसतेच. माजघराच्या फणसाच्या दारावर तैलरंगाचे अनेक थर आहेत: वर तपकिरी, त्याखाली निळा आणि सर्वांत खाली गर्द हिरवा. तो हिरवा दिसू लागल्यापासून मुलगी दाराशी बसून नखाने खपल्या काढते आणि त्या करवंटीत साठवते. थापी, रंधा, ओळंबा यांतील प्रत्येक वस्तू तिला हवी असते, आणि दिवसभर आम्हां चौघांच्या तोंडी ‘हात लावू नको’ याखेरीज दुसरे वाक्य नसते. सासूबाईंच्या मते गणपतीपर्यंत तिला माझ्या माहेरी ठेवावे. मला ते पटत नाही, परंतु घरात ठेवायचे तर नेमके कशाला भ्यावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

जुना वासा (दापोली)

ताई, मुलीला माहेरी पाठवण्याची गरज मला तरी दिसत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्याकडची कौले उडाली, तेव्हा दापोली-मंडणगडची गावेच्या गावे एकदम दुरुस्तीला निघाली होती, आणि त्या घरांत मुले होतीच. लोकांनी एक खोली आधी पुरती करून घेतली आणि मग बाकीच्या घराला हात लावला. तुम्हीही तेच करावे. झोपायची खोली निवडा, तिचे काम संपवा, दाराला ओली चादर लावा आणि त्यानंतर त्या खोलीत एक खिळासुद्धा ठेवायचा नाही असा नियम घरातल्या मोठ्यांना घालून द्या. मुलापेक्षा मोठ्यांनाच तो पाळणे जड जाते. ‘दोन मिनिटांपुरती’ ठेवलेली करवत रात्रभर तिथेच राहते.

तीन वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे ती अंगणवाडीत जाऊ शकते. चिरा कापण्याचे कटर चालवणे, भिंत फोडणे, जुने वासे उतरवणे ही सारी आवाजाची कामे त्याच वेळेत उरकावीत. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. लहान कानांना तो नको, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी तर नकोच नको.

राहिला प्रश्न ‘हात लावू नको’चा. त्यावर माझे मत असे की मुलाला खोटे खेळणे न देता खरे काम द्यावे. आमच्या पडवीची माती चोपायला घेतली तेव्हा वडिलांनी उरलेल्या लाकडाचे वीतभर लांबीचे चोपणे नातवाला करून दिले होते. त्याच्या चोपण्याने जमिनीला काही होत नसे, पण तो आमच्या ओळीत बसून चोपत असे आणि मोठ्या चोपण्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मातीचा गिलावा करणार असाल तर बारीक केलेला पेंढा घालून माती तुडवण्याचे काम मुलांइतके मन लावून कोणी करीत नाही. फक्त माती आधी चाळून काचा आणि खिळे काढून घ्यावेत. धुळीचा मात्र फार बाऊ करू नये. आम्ही सगळे शेणामातीत आणि भुश्शातच वाढलो.

रंगवाला (रत्नागिरी)

वरील प्रतिसादातील शेवटची दोन वाक्ये सोडून बाकी सर्व मान्य आहे. माझे रंगाचे दुकान आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेणामातीची धूळ आणि जुन्या तैलरंगाची धूळ यांना एका मापाने मोजता येत नाही. पूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि तांबड्या छटांत, शिशाची संयुगे घातली जात. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम 2016 मध्ये झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी लावलेल्या कोणत्याही तैलरंगाबद्दल संशय धरावा लागतो, आणि तुमच्या दाराचा सर्वांत खालचा हिरवा थर तर त्याच्याही कितीतरी आधीचा असणार. खिडक्यांच्या गजांना गंज लागू नये म्हणून खाली दिलेला जुना तांबडा हातही त्यातच धरावा. भिंतीला निव्वळ चुन्याचाच हात असेल तर शिशाची ही भीती तिथे नाही.

लहान मुलाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट अधिक शिसे अंगात शोषले जाते. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करते, आणि अमुक इतके शिसे गेले तर चालेल अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. त्रास लगेच दिसत नाही, म्हणून तर अधिक जपावे लागते. त्या करवंटीतील खपल्या आजच काढून टाका. डॉक्टरांना खपल्यांची हकीकत सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घेणे योग्य ठरेल. तोवर जेवणापूर्वी हात आणि नखे साबणाने धुणे, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी पडू न देणे, हे घरच्या घरी करता येते. या दोन्हींची उणीव असली की शिसे अधिक शोषले जाते.

दार उतरवून घरापासून दूर न्यावे, पाणी मारून ओल्यानेच पॉलिश पेपरने घासावे आणि खाली पसरलेली ताडपत्री धूळ आत ठेवून गुंडाळावी. कोरडे घासू नये, आणि ब्लो-लॅम्पने रंग जाळून तर मुळीच काढू नये, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते. घासणाऱ्याने चांगला एन-95 मास्क लावावा, आणि त्याच कपड्यांनी मुलीला उचलून घेऊ नये. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कारण झाडूने ती भुकटी उडते आणि रात्रभरात पुन्हा ताटवाट्यांवर येऊन बसते.

थिनर आणि टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत काढून ठेवण्याची वाईट सवय आपल्याकडे घरोघर आहे. मुलाने तसे काही प्यायल्यास उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. थेट दवाखाना गाठावा.

सारवण (मालवण)

रंगाचे सविस्तर आले आहे, म्हणून मी चुना, पाणी आणि विंचू एवढ्यापुरतेच लिहिते.

कळीचा चुना घरी विरवणार असाल तर तो मुलगी घरात नसताना विरवावा. पाणी पडताच तो उकळू लागतो आणि शिंतोडे लांबवर उडतात. डोळ्यात गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे धरावी आणि त्यानंतर डॉक्टरांकडे न्यावे. ओले सिमेंटही त्वचेला भाजते, म्हणून कोब्याच्या दिवशी मुलीला उघड्या पायांनी फिरू देऊ नये. भिंतीवर मारण्यासाठी भरून ठेवलेले पिंप आणि बादल्या काम थांबताच उपड्या कराव्यात, कारण एवढ्या लहान मुलाला वीतभर पाणीही पुरे होते. विहिरीला जाळी नसेल तर दाराआधी ती बसवून घ्या.

उतरवलेली कौले आणि चिरे भिंतीलगत रचले की त्यांत विंचू आणि फुरसे हमखास येतात. तो ढीग घरापासून लांब, खाली पट्ट्या घालून रचावा आणि मुलीला तिकडे खेळू देऊ नये. तांबडा विंचू लहान मुलाला डसला आणि घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे सुरू झाले, तर मंत्र-उतारे यांत वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले आहेत, पण त्यासाठी रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचावा लागतो. 108 क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असू द्या.

विजेची जोडणी जाणकार करीत आहेत हे चांगले आहे. त्यांना 30 मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच बसवायला अवश्य सांगा. पावसात ओल्या भिंती आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांची गाठ पडतेच.

जुना वासा (दापोली)

रंगवाल्यांचे म्हणणे योग्य आहे. माझ्या डोळ्यांसमोर मातीच्या भिंती होत्या; आमच्या लहानपणी तैलरंग फक्त देवघराच्या दाराला असे. मात्र मुलीच्या हातून काम काढून घेऊ नका, एवढे म्हणणे कायम आहे.

पडवी (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. दार आज उतरवून मांगराकडे नेले. करवंटी रिकामी केल्यावर बरीच रडारड झाली, पण सासऱ्यांनी चोपणे करायला घेतले आहे आणि ती त्यांच्यासमोर पहारा देत बसली आहे. डॉक्टरांची वेळही घेतली आहे. एक शंका मात्र उरली: दार उतरले, पण चौकट भिंतीत पक्की आहे आणि तिच्यावरही तेच थर आहेत. ती जागच्या जागी कशी घासावी?

रंगवाला (रत्नागिरी)

रंग घट्ट धरून असेल तर चौकट घासूच नका. ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर वरून नव्या, शिसेविरहित रंगाचे दोन हात द्यावेत. न उखडलेला जुना रंग दबून राहिला तर त्याचा उपद्रव होत नाही. जिथे दार घासते किंवा जिथे पोपडा सुटला आहे, तेवढाच भाग पाणी मारून खरवडा, आणि त्या दिवशी मुलीला घराबाहेर ठेवा. डबा घेताना त्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या.