स्टेंट बसवल्यानंतर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करावी का? हृदयाच्या दृष्टीने मत हवे आहे

पायवाट :
नमस्कार. माझे वय ४८, उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन १२६ किलो आहे, म्हणजे बीएमआय साडेबेचाळीसच्या थोडा वर जातो. पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि एका धमनीत स्टेंट बसवावा लागला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा वाटा) ५० टक्के आहे. रक्तदाबासाठी तीन गोळ्या चालू आहेत, त्यांतील एक लघवीवाटे पाणी काढणारी आहे. मधुमेहासाठी दोन, रक्त पातळ ठेवण्यासाठी दोन आणि कोलेस्टेरॉलची एक अशा आणखी पाच. एक जिना चढलो की कठड्याला धरून उभे राहावे लागते, हे तर वजनामुळेच असणार. पण अलीकडे बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी अर्ध्या मिनिटात धाप लागते आणि दुसरा बूट तसाच ठेवून आधी सरळ बसावे लागते.

आहार आणि चालणे यांनी आजवर तीनदा दहा-बारा किलो वजन उतरवले आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. म्हणून बेरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार मनात आहे. घरातल्यांचे म्हणणे असे की हृदय आधीच दुखावलेले असताना हौसेने पोटावर सुरी फिरवून घेणे म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. या शस्त्रक्रियेने हृदयाचा खरोखर काही लाभ होतो, की फक्त काट्यावरचा आकडा उतरतो? आणि करायचीच ठरली, तर लगेच करावी की थांबावे?

आकडेमोड :
मी डॉक्टर नाही, वैद्यकीय संशोधनातील संख्याशास्त्र हा माझा व्यवसाय आहे. तेव्हा फक्त पुराव्यांबद्दल लिहितो.

या विषयातील सर्वांत दीर्घ अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया केलेले २०१० जण आणि नेहमीचे उपचार घेणारे, त्यांच्याशी मिळतेजुळते २०३७ जण होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेले मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात २८, तर दुसऱ्या गटात ४९ होते. मला मात्र त्याच अहवालातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते : किती किलो उतरले आणि हृदयविकार किती टळले, यांत ठळक नाते सापडले नाही आणि सुरुवातीचा बीएमआय किती होता यावरूनही लाभाचा अंदाज बांधता आला नाही, ज्यांच्या रक्तात मुळातच इन्सुलिनचे प्रमाण जास्त होते, त्यांना मात्र लाभ अधिक झाला. म्हणजे तुमच्या प्रश्नातील ‘काट्यावरचा आकडा’ हा बहुधा या कथेचा नायक नाहीच.

आता याची दुसरी बाजू. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता, शस्त्रक्रिया ज्यांनी निवडली त्यांच्यावर झाली. आणि तेव्हाच्या बहुतेक शस्त्रक्रिया आज कालबाह्य झालेल्या पद्धतीच्या होत्या. शिवाय गेल्या सहा महिन्यांत झटका आलेल्यांना त्यात घेतलेच नव्हते, म्हणजे आजच्या घडीला तुम्हीही त्यात बसला नसता.

तुमच्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचा अभ्यासही स्वीडनचाच आहे, २०२१ सालचा. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि नंतर ही शस्त्रक्रिया केलेल्या ५०९ जणांची तुलना तितक्याच, शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांशी केली गेली. आठ वर्षांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर १८.७ टक्के आणि एरवी ३६.२ टक्के निघाले. हाही नोंदींवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे निम्मा धोका टळतो असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. मुळात जे शस्त्रक्रियेला पात्र ठरतात ते थोडे अधिक धडधाकट असतात. तरीही इतका फरक केवळ निवडीमुळे पडला असेल, हे मला पटत नाही.

रक्तदाबाबाबत मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी उपलब्ध आहे. ब्राझीलमध्ये १०० जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, वर्षभरात रक्तदाब काबूत ठेवून गोळ्या किमान ३० टक्क्यांनी कमी करता आलेल्यांचे प्रमाण जठराच्या बायपासनंतर (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) सुमारे ८४ टक्के होते, तर केवळ औषधोपचारावर ते १३ टक्क्यांच्या आसपास राहिले.

निवृत्त भूलतज्ज्ञ :
वरील आकड्यांवर मला काही म्हणायचे नाही. मला त्या बुटाच्या नाडीबद्दल बोलायचे आहे. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागणे हे पोटाचा घेर आड येण्यामुळे असू शकते, पण हृदयाच्या कप्प्यांतील दाब वाढल्याचेही ते लक्षण असू शकते. लठ्ठपणात शरीरातील रक्ताचे एकूण आकारमान वाढते, डाव्या जवनिकेची (शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या मुख्य कप्प्याची) भिंत जाड आणि ताठर होते, तिला नीट सैल पडता येत नाही. अशा वेळी हृदय आकुंचन उत्तम पावते, इजेक्शन फ्रॅक्शन ठीक दिसते, तरीही हृदय अकार्यक्षम असू शकते. तेव्हा ‘५० टक्के म्हणजे बरे आहे’ असे मानून थांबू नका. पुढील भेटीत ही तक्रार डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

मुहूर्ताबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आत्ता नाही. झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल, तर तातडीची नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया साधारणपणे १२ महिने पुढे ढकलली जाते, कारण रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी त्याआधी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो आणि ती चालू ठेवून शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. ॲस्पिरिन बहुधा शस्त्रक्रियेच्या काळातही चालूच ठेवतात. हे सात महिने वाया जात नाहीत. आपण घोरता का, हे लिहिलेले नाही. घोरत असाल तर झोपेची तपासणी याच काळात करून घ्या, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार न ओळखता भूल देणे ही आम्हा मंडळींची सर्वांत मोठी धास्ती असते. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एखादी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी असेल, तर ती शस्त्रक्रियेआधी तीन-चार दिवस थांबवावी लागते; नाही तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता निर्माण होऊ शकते.

घरातल्यांच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा रुग्णालयांतील ४७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. हृदयविकार असलेल्यांचा धोका त्याहून जास्त धरावा, पण विस्तवाशी खेळ म्हणण्याइतका तो नाही. आणि घरात ‘बायपास’ हा शब्द जपून वापरा. नातेवाईक तो हृदयाचाच समजतात आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

तिसरा मजला :
चार वर्षांपूर्वी मी ही शस्त्रक्रिया करून घेतली, जठराच्या बायपासची. मला स्टेंट नव्हता, पण रक्तदाब होता आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितताही होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. अडचण आली ती गोळ्यांची.

घरी सोडताना रुग्णालयाने दिलेल्या कागदावर रक्तदाबाच्या जुन्याच गोळ्या जुन्याच मात्रेत उतरवलेल्या होत्या, पाणी काढणाऱ्या गोळीसकट. त्या काळात मी दिवसभर घोट घोट करून जेमतेम एक लिटर द्रव पीत होते. अकराव्या दिवशी पहाटे न्हाणीघरातून बाहेर पडताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि जाग आली तेव्हा गाल थंड फरशीला टेकलेला होता व कपाळावर खोक पडली होती. रक्तदाब ८४ वर ५० भरला. त्याच दिवशी ती गोळी बंद झाली आणि दुसरीची मात्रा निम्मी झाली. रक्तदाब वजनाची वाट पाहत नाही. तो पहिल्या काही दिवसांतच उतरू लागतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा आणि बसून व उभे राहून, असे दोन्ही आकडे लिहून ठेवा.

त्याउलट कोलेस्टेरॉलची गोळी मी वर्षभराने ‘आता मी बारीक झाले’ म्हणून स्वतःच थांबवली आणि हृदयरोगतज्ज्ञांची बोलणी खाल्ली. धमन्यांत आधीच साठलेले काही वजनाबरोबर वाहून जात नाही. आपल्याला तर स्टेंट आहे, तेव्हा ती चूक मुळीच करू नका. जठराच्या बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही चालत नाहीत, जोडाच्या जागी व्रण होतात. तंबाखू आणि धूम्रपानाचेही तेच. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तर मला आता जन्मभर घ्यायचे आहे.

पायवाट :
तिघांचेही मनापासून आभार. घोरण्याबद्दल विचारलेत, तर शेजारच्या खोलीतल्यांनाही झोप लागत नाही इतके घोरतो. आणखी एक शंका आहे : मधल्या सात महिन्यांत वजन कमी करणारी इंजेक्शने घ्यावीत का? ती घेतली तर शस्त्रक्रियाच टळेल, असे काही जण म्हणतात.

आकडेमोड :
टळेलही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांवरील चाचणीत सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. ही चाचणी चिठ्ठ्या टाकून केलेली होती, त्यामुळे पुराव्याच्या दर्जात ती शस्त्रक्रियेवरील त्या दोन स्वीडिश अभ्यासांच्या वर बसते. आपल्याला मधुमेह आहे, म्हणून ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. आणि इंजेक्शन थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो, हेही धरून चालावे.

निवृत्त भूलतज्ज्ञ :
इंजेक्शन सुरू केलेत, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ते न चुकता सांगा. त्याने जठर रिकामे व्हायला उशीर लागतो, आणि रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.

पायवाट :
सगळ्या गोळ्यांची नावे आणि मात्रा आज एका कागदावर उतरवून काढल्या. मधुमेहाची एक गोळी आपण म्हणता तीच, लघवीवाटे साखर टाकणारी निघाली. रक्तदाबाच्या एका गोळीच्या वेष्टनावर ती सावकाश विरघळणारी असल्याचे लिहिले आहे.

तिसरा मजला :
तिच्याभोवती खूण करा. माझीही तशीच होती. बायपासनंतर ती नीट शोषली जात नव्हती आणि ठोके पुन्हा अनियमित झाल्यावरच ते लक्षात आले. साध्या प्रकारात बदलून घ्यावी लागेल का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.