नेल्सनला एक मुक्काम पुरेल का?

बी-५०२: नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस आम्ही दोघे न्यूझीलंडला जात आहोत. सहलीच्या कार्यक्रमात दक्षिण बेटाच्या उत्तर टोकावरील नेल्सनला एकच मुक्काम दिला आहे. ए-३०४ मधील भाऊ तिकडे जाऊन आले आहेत, म्हणून विचारते, तेवढा पुरेल का?

ए-३०४: काकू, एका मुक्कामात बॅगा उघडून पुन्हा भरण्यापलीकडे काही होणार नाही. देशातील सर्वाधिक ऊन लाभणाऱ्या भागांत नेल्सनची गणना होते आणि डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो. तरीही तिथला दिवस सूर्यापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक ठरतो. १९४२ मध्ये स्थापन झालेले, नेल्सनजवळचे आबेल टास्मन हे त्या देशातील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या किनाऱ्याची सुमारे ६० किलोमीटरची पायवाट लोक तीन ते पाच दिवसांत चालतात, पण आपल्यासारख्यांना कायतेरितेरी गावाहून सुटणारी बोट एका पुळणीवर उतरवते आणि दोन-तीन तासांच्या चालीनंतर पुढच्या पुळणीवरून परत आणते. त्याच पायवाटेवरची आवारोआची खाडी मात्र पायीच ओलांडावी लागते, तीही पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दोन तास एवढ्याच अवधीत. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, तसाच प्रकार. आम्ही जेवणात रेंगाळलो आणि अलीकडच्या काठावर पुढच्या ओहोटीची वाट पाहत बसलो; दोष सर्वस्वी माझा, असे घरात आजही ठरलेले आहे.

सी-१०१: आणि द्राक्षमळे? आम्ही दर फेब्रुवारीत नाशिकला जातो, त्याहून काही वेगळे आहे का?

ए-३०४: दादा, तिथली तोडणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते, त्यामुळे डिसेंबरात वेलींवर हिरवे, कच्चे मणी दिसतील. नेल्सनजवळच्या वाइमेआच्या सपाटीवर दगडगोट्यांची जमीन आहे, तर मूटेरेच्या टेकड्यांवर चिकणमाती. म्हणून एकाच जातीच्या द्राक्षाची, उदाहरणार्थ पिनो न्वारची, दोन्हीकडची वाइन शेजारी ठेवून चाखावी. गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी, हे सांगायला नकोच.

डी-२०३: काकू, मला कलेविषयी सांगावेसे वाटते. अंगावर घालण्याजोग्या कलाकृतींची जी स्पर्धा जगभर गाजते, ती १९८७ मध्ये नेल्सनलाच सुरू झाली. २००५ पासून मात्र ती वेलिंग्टनला भरते, तेव्हा ती नेल्सनमध्ये शोधू नका. १८९९ पासूनचे सूटर कलादालन आणि शनिवारचा बाजार यांसाठी अर्धा दिवस ठेवा.

ए-३०४: ताकाका गावाजवळचा ‘ते वाइकोरोपुपू’ नावाचा झराही पाहा. तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांसाठी ते पाणी पवित्र आहे, त्यामुळे त्यात हात-पाय बुडवू देत नाहीत. आणखी एक, लाडू-चिवडा नेणार असाल तर देशात शिरताना भरायच्या अर्जात अवश्य नोंदवा. न नोंदवल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

बी-५०२: मग क्वीन्सटाउनचे दोन मुक्काम कमी करून नेल्सनला तीन करून घेते. ओहोटीच्या वेळा आधी कळतात का?

ए-३०४: हो, तिथल्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध होते. तुमच्या तारखांची ओहोटी आधी पाहा आणि मगच बोटीचे तिकीट काढा.