पाळीतल्या कळा: 'गोळी घेतली की रक्त आत अडकतं' या समजाला उत्तर काय द्यावं?

नववी_ब
नववी-दहावीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचं आहे. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले, तर बहुतेक फिरून फिरून तिथेच येतात. पहिलं वर्ष काहीच दुखलं नाही, आता का दुखतं? गोळीने वाईट रक्त आत अडकतं आणि पुढे मूल होत नाही, हे खरं का? गोळी घेऊनही कळा का थांबत नाहीत? शिवाय 'लग्न झालं की थांबतं' हे घरून आलेलं आहेच. कारणासकट काय सांगावं?

ओटीपोट
पहिल्या प्रश्नात घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच पाळ्या बीज न सुटताच येतात, त्या फारशा दुखत नाहीत. साधारण सहा महिने ते वर्षभराने बीज नियमित सुटू लागतं आणि कळाही सुरू होतात. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. त्याने गर्भाशयाचा स्नायू इतका आवळतो की त्याचाच रक्तपुरवठा कमी पडतो. कळ येते ती त्यामुळे. हेच रसायन आतड्यांवरही काम करतं, म्हणून त्या दिवशी मळमळ आणि जुलाब. 'बाहेरचं खाल्लं असशील' म्हणून मुलीला उगाच बोलणी बसतात.

आता गोळी. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड नवीन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, पण आधी झालेलं पुसून टाकत नाही. कळा असह्य झाल्यावर, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी म्हणूनच 'लागू पडत नाही'. पहिला डाग दिसताच, काहीतरी खाऊन घ्यायची. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, मग गरजेप्रमाणे ६ ते ८ तासांनी. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. दोन-तीन दिवस, मग बंद. पॅरासिटामॉल चालतं, पण या दुखण्यावर ते कमी पडतं.

रक्त अडकत नाही. या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा कमी होतो हे मात्र खरं, आणि बहुधा त्यावरूनच हा समज निघाला असावा. पाळीतल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी मूल होण्यात अडथळा येत नाही. सवयही लागत नाही.

केमिस्ट_काउंटर
दोन चुका नेहमीच्या. एक, घरातली आयबुप्रोफेन आणि मैत्रिणीने दिलेली मेफेनामिकची गोळी एकाच दिवशी. नावं वेगळी, जात एकच. जठराला दुप्पट त्रास. दोन, पावसाळ्यात ताप असताना यातली गोळी घेणं. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा फक्त पॅरासिटामॉल. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल, तर आधी डॉक्टर.

मेफेनामिकबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ ला इशारा दिला होता: क्वचित अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येते, तीही काही आठवड्यांनी. औषधावर बंदी नाही. पण पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. आणि शाळेत पालकांची लेखी परवानगी नसताना कुणी गोळी देऊ नये.

नववी_ब
आणि शेक, ओवा?

ओटीपोट
ओव्याचं गरम पाणी प्यावं, बरं वाटतं. गोळीची जागा ते घेणार नाही. शेक मात्र खरंच उपयोगी. रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरायची, उकळत्या पाण्याने नाही. दाबून हवा काढायची, मग झाकण, वरून टॉवेल. १५-२० मिनिटं पुरेत. तासन्‌तास थेट कातडीवर ठेवली तर पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. कोल्ड्रिंकची बाटली नको: गरम पाण्याने ती आकसते, पाणी गळून भाजतं.

बाह्यरुग्ण_मंगळवार
'लग्न झालं की थांबतं' हा यातला सगळ्यात महाग सल्ला. बाळंतपणानंतर काहींचं दुखणं कमी होतं, तेवढाच त्यात खरेपणा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल तर वाट बघण्यात वर्षं जातात. साधी कळ पाळीबरोबर किंवा काही तास आधी येते आणि ३ दिवसांच्या आत ओसरते. बऱ्याच दिवस आधी सुरू होणारी, पाळी संपल्यावरही राहणारी, महिन्यागणिक वाढणारी, शौचाच्या वेळी टोचणारी कळ वेगळी. वेळेवर घेतलेल्या गोळीने तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही.

एक वेगळी चिठ्ठी येऊ शकते: वय १४-१५, दर महिन्याला पोट दुखतं, पण पाळी अजून आलीच नाही. योनीमुखावरचा पडदा पूर्ण बंद असेल तर रक्त आत साठतं. रक्त 'अडकणं' खरंखुरं घडतं ते इथे, गोळीने नाही. तिला त्याच आठवड्यात दाखवा.

मुलींना वहीत चार रकाने आखून द्या: तारीख, कळ दहापैकी किती, गोळी किती वाजता, फरक किती वाजता. तीन महिन्यांचं ते पान डॉक्टरांसमोर ठेवलं की निम्मी तपासणी तिथेच होते.