जेटमॅनचा शेवट ‘रडका’ वाटणाऱ्यांसाठी

काळा कंडोर

‘तर्ककर्कश’ यांच्या पोस्टला खालीच उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सार: जेटमॅन या जपानी सुपरहीरो मालिकेनं पोरांच्या कार्यक्रमात मोठ्यांची लफडी घुसवली. रेड (र्‍यू), ब्लॅक (गाइ) आणि व्हाइट (काओरी) हे नायक वर्षभर एकमेकांवर रुसून बसतात. शेवटी गाइला पर्सचोराच्या चाकूनं मारलं, हा लेखकाचा निव्वळ आळस. वर शेरा, ‘बरं झालं अमेरिकन लोकांनी हिला हात लावला नाही.’

या शेऱ्यानंच डोकं सटकलं. जेटमॅन १४ फेब्रुवारी १९९२ ला संपली. तिच्या पाठोपाठ आलेल्या झ्यूरेंजरची दृश्यं कापून १९९३ मध्ये पॉवर रेंजर्स उभी राहिली. पॉवर रेंजर्स काढणाऱ्या सबानच्या लोकांनी त्यांच्या हाताशी असलेली मालिका घेतली. यात जेटमॅनचा कमीपणा कुठून आला?

आता आळस. जेटमॅनच्या आधीच्या फाइव्हमन मालिकेला प्रेक्षक मिळेनात, सेंताईचं (रंगीत पोशाखातल्या वीरांच्या या मालिकांचं) दुकान बंद होतंय की काय अशी वेळ होती. तेव्हा मुख्य लेखन तोशिकी इनोऊएकडे आणि दिग्दर्शनाची सूत्रं केइता अमेमियाकडे गेली, दोघं जेमतेम तिशीतले. सुरुवातीचेच भाग घ्या. पाचांपैकी प्रशिक्षित सैनिक एकटा र्‍यू. उरलेल्या चौघांवर शक्ती देणाऱ्या बर्डोनिक लहरी अपघातानं पडल्या. एक शेतकरी, एक अब्जाधीशाची लेक, एक शाळकरी पोर आणि चौथा गाइ. तो तर तोंडावर सांगतो की जगाचं काय व्हायचं ते होवो, मला त्याचं काही पडलेलं नाही.

तो माणूस लढाई संपल्यावर तीन वर्षांनी, कोणी बोलावलेलं नसताना, एका अनोळखी बाईच्या पर्ससाठी मध्ये पडतो आणि मरतो. एक्कावन्न भाग लागले त्याला तिथवर यायला. खलनायक राडिगेच्या तलवारीनं मेला असता तर तो सैनिक म्हणून मेला असता, आणि सैनिक व्हायचं तर त्यानं पहिल्या दिवशीच नाकारलं होतं. याला आळस म्हणायचं असेल तर असा आळस सगळ्या लेखकांना लाभो.

तर्ककर्कश

माझ्या नावानं धागा! आईला दाखवतो.

मुद्द्याचं बोलू. ही मालिका शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला लागायची, जाहिराती धरून २५ मिनिटं. समोर कोण बसायचं? सहा-सात वर्षांचं पोर. त्याला हवा जेट इकारस रोबो, त्याला हवा जेट गरुडा आणि दोन्ही जोडून होणारा ग्रेट इकारस. खेळणी बनवणारी बांदाई त्यासाठीच पैसे ओतते. आणि तुमचे इनोऊएसाहेब त्याला काय दाखवतात? खलनायक त्रान्झा हरतो, राडिगे त्याची बुद्धी हिरावून घेतो आणि तो मनोरुग्णालयात वेडा होऊन पडतो. ही पोरांची मालिका?

मी माझ्या पोराला कौतुकानं दाखवायला बसलो होतो. र्‍यू आणि मारियाचं (शत्रूच्या गोटातली ती म्हणजे त्याची हरवलेली प्रेयसी रिए) सुरू झालं की तो उठून सायकल खेळायला जायचा. रोबो आला की मी खिडकीतून हाक मारायची. परीक्षक त्याच्याहून चांगला कुठं मिळणार?

आणि मृत्यू हा काही जेटमॅनचा शोध नव्हे. बायोमॅन या सेंताईत यलो फोर मिका १९८४ लाच गेली, तीही दहाव्या भागात.

काळा कंडोर

मिका गेली कारण नटीनं मालिका सोडली. मुखवटा घातलेलीच मेली, चेहरासुद्धा दाखवता आला नाही. गाइचं मरण कथेतून आलंय. हा फरक कळत नसेल तर बायोमॅनचं नाव घेऊ नका.

तुमचा मुलगा सायकल खेळायला गेला, छान. व्यायाम झाला.

एसपीडीवाला

मी जेटिक्स वाहिनीवर हिंदीत पॉवर रेंजर्स बघून मोठा झालो, हे आधीच सांगतो म्हणजे दगड मारणाऱ्यांना सोपं जाईल. जेटमॅन गेल्या वर्षी पाहिली, सबटायटल लावून. मला तर्ककर्कश अर्धे पटले. मधले वीसेक भाग नुसते भरताड आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूंतून राक्षस काढायचे आणि लगेच पुढच्या सीनमध्ये काओरीनं ढसाढसा रडायचं, हे कसं जुळतं?

काळा कंडोर

ज्यानं मूळ डेकारेंजर न बघता तिच्यावरून केलेली पॉवर रेंजर्स एसपीडी बघितली त्यानं जुळण्याबद्दल बोलावं, हा काळाचा महिमा.

एसपीडीवाला

हेच. म्हणूनच नवीन माणूस इथं टिकत नाही. शाळेतून पळत घरी यायचो मी त्या मालिकेसाठी. माझ्या लहानपणी जपानी मालिका कोण दाखवणार होतं मला, तुम्ही? तुमच्याकडे चार सीडी होत्या म्हणून तुम्ही अस्सल आणि मी नक्कल?

दादरचा आजोबा

पोरांनो, भांडू नका, आमचंही ऐका. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागायचा. तोही जेटमॅनवाल्या तोएई कंपनीचाच, मूळ १९६७ चा. शेवटच्या भागात रोबो पोराचं ऐकत नाही, सम्राट गिलोटीनला उचलून आकाशात जातो आणि उल्केवर आदळून संपतो. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात त्या दिवशी पंचवीस पोरं होती आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. माझा धाकटा भाऊ जेवला नाही. आज तो बँकेत मॅनेजर आहे, काही बिघडलं नाही त्याचं. तेव्हा पोरांना मरण दाखवू नये वगैरे ज्ञान तर्ककर्कशांनी स्वतःजवळच ठेवावं.

तर्ककर्कश

आजोबा, रोबो जग वाचवताना गेला. गाइ पर्स वाचवताना. दोन्हीत काही अंतर आहे की नाही?

काळा कंडोर

अंतर आहे म्हणूनच तर हा धागा आहे!!

रिमझिम

कमाल आहे. एवढी चर्चा झाली आणि काओरीचं नाव आलं ते फक्त ‘ढसाढसा’ या शब्दाबरोबर. गाइ, गाइ आणि गाइ. ती र्‍यूवर प्रेम करते, र्‍यू मेलेल्या (म्हणजे तेव्हा मेलेली वाटणाऱ्या) रिएच्या आठवणीत, मग ती गाइकडे वळते, मग गाइच दोघांच्या घरांतलं अंतर बघून मागे सरतो. या सगळ्यात तिला काय हवंय हे लेखकानं तिला किती वेळा विचारलं? बाई म्हणून ज्यांना खरोखर लिहिलंय त्या दोघी: जेटमॅनची कमांडर ओदागिरी आणि ती शाळकरी पोर, आको. आको एकटीच अशी आहे की जी या भानगडीत न पडता आपलं काम करते, शेवटी गायिका होते.

आणि तरीही गाइ मागे सरतो तो भाग मला सगळ्यांत खरा वाटतो. माझ्या मावसबहिणीचं असंच मोडलं. मुलाकडे काही नव्हतं, हिच्याकडे बंगला. कोणी विरोधसुद्धा केला नाही, सगळे अतिशय नीट वागले, आणि त्या नीटपणानंच तो मुलगा निघून गेला. रडका म्हणा, मेलोड्रामा म्हणा, पण खोटं म्हणू नका.

तर्ककर्कश

रिमझिम यांचा पहिला परिच्छेद माझ्या बाजूचा, दुसरा त्यांच्या. मी पहिला घेतो.

निशीकासाईकर

तोक्योहून. ऑफिसमध्ये एक साहेब आहेत, चाळिशी ओलांडलेले, अतिशय गंभीर, एक्सेल सोडून कशावर बोलत नाहीत. एकदा पार्टीत मी सहज म्हटलं की जेटमॅन पाहिली. माणूस ग्लास खाली ठेवून म्हणाला, शेवटचा, लग्नाचा भाग पाहिलात का? मग पाऊण तास बोलत होते. म्हणे त्या संध्याकाळी आईनं विचारलं काय झालं, तर पोट दुखतंय म्हणून सांगितलं. तेव्हा पोरांना कळत नाही हा मुद्दा मी तरी मानणार नाही. कळतं, सांगता येत नाही.

‘गाइला फक्त झोप लागली’ म्हणणाऱ्यांसाठी: २०११ च्या गोकाइजर या सेंताईत गाइचा नट वाकामात्सू स्वतः गाइ म्हणून परत आला, भाग २८, लेखक इनोऊएच. आला तो मेलेला माणूस म्हणूनच आला. विषय संपला.

एक अवांतर. जेटमॅनमधल्या शेतकरी राइताला यलो आणि जाडगेला आणि शेतकरी करणं हा सेंताईचा जुना रोग. १९७५ च्या गोरेंजरमधला किरेंजर ताटल्यावर ताटल्या करी राइस खायचा, तेव्हापासून यलो म्हटलं की पोट. बायोमॅनमध्ये यलो बाई केली तरी लोकांच्या डोक्यातून करी जात नाही. (गंमत म्हणजे गोरेंजरच्या कमांडरचं आडनाव एदोगावा, आणि मी राहतो तो वॉर्डही एदोगावा. तो कमांडर स्नॅक बार चालवायचा. इथं आमच्या गल्लीत तीन भारतीय हॉटेलं आहेत, एकातही कमांडर सापडला नाही.)

फोडणी

किरेंजर जे खायचा ते करी नव्हे. मी ओसाकाला सहा महिने होते. घट्ट, गोडसर, वर लोणच्याच्या नावाखाली लाल गोड काहीतरी. हिंग नाही, कढीपत्ता नाही.

निशीकासाईकर

ताई, ती करी भारतातून थेट गेलीच नाही. मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, इंग्रजांकडून गेली, नौदलानं उचलली. म्हणून पीठ आणि तूपलोणी घालून घट्ट केलेली. आजही त्यांच्या नौदलात शुक्रवारी करी असते. जेटमॅनही शुक्रवारीच लागायची, योगायोग.

दादरचा आजोबा

थेट गेली नाही कसं? रासबिहारी बोस विसरलात? व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले, १९१५ ला जपानला निसटले, शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबानं लपवलं, त्यांच्याच मुलीशी लग्न झालं. १९२७ ला त्यांच्या उपाहारगृहात खरी भारतीय करी सुरू झाली ती त्यांच्यामुळे. आजही मिळते.

फोडणी

खाल्लीय. कोंबडी बरी होती. भात चिकट.

निशीकासाईकर

भात चिकट असणारच, जपान आहे. आंबेमोहोर मागाल काय?

फोडणी

मागेन! आणि सफरचंद-मध घातलेल्या त्या पाकिटातल्या वड्यांना करी म्हणणाऱ्यांनी मला शिकवू नये.

निशीकासाईकर

१९६३ पासून अख्खा देश त्या वड्यांवर जेवतोय. माझी मुलं वरणभात टाकून तेच मागतात. तुमच्या हिंगानं त्यांचं काही अडलेलं नाही.

फोडणी

मुलांना वरण नको वाटतं यात अभिमान कसला? आईबापांनी केलेलं वरण तसंच असेल.

रिमझिम

बाई गं. इथवर जायची गरज होती का?

संपादक

करीवरचे पुढचे प्रतिसाद पाककृती विभागात लिहा. वरणावरचे कुठेच लिहू नका.

एसपीडीवाला

मूळ विषयावर येतो. रात्री शेवटचे तीन भाग परत पाहिले. खलनायकांतला ग्रे मरतो तो भाग मी पहिल्यांदा पाहताना पुढे ढकलला होता, रोबोच तर आहे म्हणून. मारियावर जीव लावलेला एक यंत्रमानव, आणि त्याला मरताना कोणी बघू नये म्हणून पाठ फिरवणारा गाइ. वस्तूंतून निघालेले राक्षस मला अजूनही भंगार वाटतात. पण हे लिहिणारा माणूस आळशी नव्हता. कंडोरसाहेबांनी टोमणा मारला नसता तर हे काल सकाळीच लिहिलं असतं.

काळा कंडोर

डेकारेंजर बघा. लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवलीय. टोमण्याचं राहू दे.

तर्ककर्कश

सगळे रडून झाले असतील तर माझंही लिहून घ्या. गाइचं मरण कथेतून येतं, मान्य. चांगलं लिहिलंय, मान्य. कंडोर यांनी या ओळी छापून फ्रेम करून लावाव्यात. पण मग ती मोठ्यांची मालिका आहे हे तुम्ही मान्य करा, आणि पंचविशीच्या पुढचे लोक पोरांच्या खेळण्यांच्या मालिकेतून रडण्याचा ऐवज शोधतात हेही. अमेमियांनी पुढे गारो केली ना? रात्री उशिरा लागणारी, उघडपणे मोठ्यांसाठी. त्यांना स्वतःलाच कळलं होतं की हे साडेपाचचं काम नाही.

काळा कंडोर

गारो २००५ ची. जेटमॅन १९९१ ची. मधल्या चौदा वर्षांत त्यांना ते कळायची वाट बघितली असती तर सेंताई फाइव्हमनपाशीच बंद पडली असती, आणि तुमच्या पोराला हाक मारायला रोबोसुद्धा उरला नसता.

तर्ककर्कश

पोरगा आता झ्यूरेंजर बघतोय. डायनासोर आहेत, कोणी रुसत नाही. खूश आहे.

रिमझिम

झ्यूरेंजरमध्ये बुराइ मरतो. हिरवा. बेचाळिसाव्या भागात. पोराला सांगितलंय का?

तर्ककर्कश

नाही.

फोडणी

संपादक, पाककृती विभागात टाकलं आहे. निशीकासाईकर तिकडे येतील अशी अपेक्षा, वड्यांचं पाकीट घेऊन.