खाँसाहेबांना पाचपैकी दोन?

सातरस्ता: परवा इथंच एका भल्या माणसानं गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डींच्या नव्या संचाला पाचपैकी दोन तारे दिले. का, तर ‘खरखर फार, गाणी तीन मिनिटांत संपतात’. अहो, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डची एक बाजूच तीन-साडेतीन मिनिटांची! खाँसाहेब १९३७ला गेले, जास्त वेळ वाजणारी एलपी आली १९४८ला. ‘पिया बिन नाही आवत चैन’मध्ये तेवढ्यात झिंझोटी राग कसा उभा राहतो, त्यावर एक ओळ नाही. मूळ रेकॉर्ड कोणती, कुठल्या वेगानं वाजवून उतरवली, सफाई किती केली, काही नाही. हे परीक्षण गाण्याचं की हेडफोनचं?

जुळेसोलापूरकर: तो भला माणूस मीच. पैसे मी मोजलेत मालक, तुम्ही नाही. तुमच्याकडं रेकॉर्डींनी भरलेल्या पेट्या असतील, आम्ही होटगी रोडच्या ट्रॅफिकमध्ये फोनवर ऐकतो. तंबोरा ऐकू येत नाही आणि म्हणे झिंझोटी बघा. आजच्या काळात खरखर काढता येत नाही होय? वर परत रडायचं, नवी पोरं शास्त्रीय ऐकत नाहीत.

सातरस्ता: कसल्या पेट्या! आजोबांच्या होत्या, पत्र्याखालच्या माळ्यावर. लाखेचा माल आणि सोलापूरचा मे महिना. पापडासारख्या वाकल्या.

काळीदोन: खरखर काढताना तंबोराच जातो, तीच तर बोंब आहे. जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा, वरचा झणकार आणि खरखर एकमेकांत मिसळलेले असतात, गाळायला गेलं की दोन्ही जातात. मग आवाज कोरडा पडला म्हणून वरून घुमारा घालायचा. आणि वेगाचं कोण बघतंय? जुन्या रेकॉर्डी सगळ्याच नेमक्या ७८ला घेतलेल्या नाहीत. सहा टक्के जोरात फिरवली की सूर हार्मोनियमची एक पट्टी चढला, काळी एकची पांढरी दोन झाली. खाँसाहेबांचा आवाज आधीच पातळ, तो आणखी चढवायचा आणि नंतर म्हणायचं नाकात गातात. तारे कापायचे तर इथं कापा.

तबलजीचापोर: चालू द्या तुमचं. पण साथीला कोण होतं, हे या संचांवर छापतात का, ते बघितलं कुणी? आमच्या वडिलांनी एका भजनांच्या कॅसेटला रात्रभर बसून तबला वाजवला. कॅसेटवर गायकाचा फोटो, निर्मात्याचं नाव, ज्याच्या बंगल्यात चहा झाला त्याचेही आभार. वडिलांचं नाव नाही. तीच भजनं आता फोनवर आलीत, तिथंही नाही.

जुळेसोलापूरकर: भजनाच्या कॅसेटचा इथं काय संबंध बे?

तबलजीचापोर: बे कुणाला? हुतात्मा स्मृती मंदिरात गवयाला टाळी पडते ती कुणाच्या समेवर पडते? बोटं फुटेस्तोवर वाजवायचं आणि नाव विचारलं की संबंध काय!

काळीदोन: त्याचं खरंय. पेटीवाल्यांचं, हार्मोनियमवाल्यांचं, तर विचारूच नका. १९४०मध्ये रेडिओनं पेटीला दार लावलं, ते तीसेक वर्षं. नावाचं सोडा, वाद्यच हद्दपार.

जुळेसोलापूरकर: झालं, आता पेटी. मी एका संचाबद्दल लिहिलं होतं, आठवतंय का कुणाला?

सातरस्ता: आठवतंय हो. पण पोराचा मुद्दा सोडू नका. १९०२मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजानची रेकॉर्ड झाली. बाई गाणं संपलं की स्वतःच सांगायची, ‘माय नेम इज गौहरजान’. रेकॉर्डी छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथं कळावं म्हणून, असं म्हणतात. तबलजीला तेवढं ओरडायलाही कुणी दिलं नाही.

तबलजीचापोर: सारंगीवाल्यालाही नाही.

जुळेसोलापूरकर: बरं बाबांनो. वेगाबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही, अर्धा तारा कापला. साथीदारांची नावंही नाहीत, आत्ताच पानं उलटली. आणखी पाव गेला. सव्वा राहिला. खूश?

सातरस्ता: आणि झिंझोटीवरची ओळ?

जुळेसोलापूरकर: ती तुम्ही लिहा मालक. मी खरखरीतनं ऐकलाय.